आधी बिघाडाचं पान

आमचा स्प्रिंग्या तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, पण त्या दिवशी लिफ्टच्या अपघाताच्या चौकशीला तो चार मजले जिन्याने चढून आला. मी कारण विचारलं नाही. धापा टाकत तो माझ्या शेजारी बाकावर टेकला आणि म्हणाला, "पाद्रीबुवा, आणलंस का बायबल?"

मी पाद्री नाही. सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असतो आणि रविवारी चर्चला जातो, एवढ्या भांडवलावर त्याने मला ही पदवी दिली आहे. बायबल मात्र आणलं होतं. आदल्या दिवशी त्याचाच फोन आला होता, एकट्याने वाचवत नाही, सोबत बस.

"अकराला आत बोलावणार. वीस मिनिटं आहेत. कुठून सुरू करायचं?"

इथे माझी पंचाईत झाली. दर जानेवारीत मी पहिल्या पानापासून नेटाने सुरुवात करतो. जग निर्माण होतं, जलप्रलय येतो, समुद्र दुभंगतो, मग यज्ञांचे आणि त्वचारोगांचे नियम लागतात आणि मी गळपटतो. एकोणीस वर्षं मी त्यापुढे सलग गेलेलो नाही. हे बायकोलाही ठाऊक नाही.

"जग निर्माण झालं तिथून," मी अधिकारवाणीने म्हणालो.

"जग झालंय निर्माण. पुढे चल."

मग नव्या कराराचं पहिलं पुस्तक काढलं, मत्तय. उघडतोय तर येशूची वंशावळ. चार पिढ्या वाचेपर्यंत त्याचा गुडघा थडथड उडायला लागला.

"अरे, हे काय लग्नाला बोलवायच्या पाहुण्यांची यादी वाचतोस?" तो कुजबुजला. "ऐक. लिफ्टचं मॅन्युअल आलं की आम्ही पहिलं पान उघडतच नाही. तिथे कंपनी स्वतःची पाठ थोपटत असते. आम्ही थेट बिघाडांच्या तक्त्यावर जातो. आधी काय बिघडलंय ते शोधायचं, यंत्र त्यावरून कळत जातं. तसलं पान आहे का यात?"

"तुझं काय बिघडलंय ते तर सांग."

समोरच्या बाकावर एक बाई मांडीवर एक्स-रेचं पाकीट घेऊन बसली होती. अपघात झाला त्या इमारतीच्या रखवालदाराची बायको. लिफ्ट दोन मजले कोसळली तेव्हा आत तो होता. त्याने सामान जास्त भरलं, असं कंपनी म्हणत होती. मीही तेच धरून चाललो होतो.

स्प्रिंग्याने आवाज अगदी खाली आणला. "मी ब्रेक पाहिलाच नाही. वर मशीनच्या खोलीपर्यंत चढायचा कंटाळा आला. खाली स्टुलावर बसून 'ब्रेक ठीक' लिहिलं आणि सही ठोकली."

मीही कुजबुजलो, "सांगितलंस तर परवाना जाईल."

"जाईलच. नाही सांगितलं तर ठपका त्या रखवालदारावर. नोकरी गेली, भरपाई गेली. माझ्या केसालाही धक्का नाही." त्याने घड्याळ पाहिलं. "असा कोणी आहे का यात? खोटं बोलला आणि पकडला गेला नाही असा?"

हे पान मला माहीत होतं. दरवर्षी चर्चमध्ये ऐकतो, वाचावं लागत नाही. मार्क, चौदावा अध्याय, शेवट. येशूला पकडून नेलंय, बाहेर अंगणात शेकोटी, शेकत बसलेला त्याचा शिष्य पेत्र. मी हळू आवाजात वाचायला लागलो.

"थांब. त्याला विचारलं कोणी? शिपायाने?"

"नाही रे. मोलकरणीने. तू येशूबरोबरचाच ना, म्हणाली."

"मोलकरणीला घाबरला?"

"तीनदा नाही म्हणाला. मी त्या माणसाला ओळखतच नाही, म्हणाला."

"मग पकडला?"

"नाही. सुटला आणि रडत बसला."

"सुटल्यावर रडला," स्प्रिंग्या स्वतःशीच म्हणाला. "पुढे काय झालं त्याचं?"

"पुढे येशूने त्यालाच आपला कळप सांभाळायला दिला, म्हणजे सगळे अनुयायी."

"देणाऱ्याने आधी चौकशी नाही केली?"

"देणाऱ्याला सगळं माहीत होतं."

तेवढ्यात दार उघडलं. "लिफ्ट मेकॅनिक कोण? चला."

स्प्रिंग्या उठला. ती बाईही उठली. "दादा, लिफ्ट तुम्हीच तपासता ना?"

मी पानावर बोट ठेवलं. शिपाई दारात ताटकळला होता. स्प्रिंग्याने आधी जिन्याकडे पाहिलं. चार मजले उतरायला त्याला दोन मिनिटंही लागली नसती.

"हो ताई. मीच."

"आमच्या यांनी खरंच सामान जास्त भरलं होतं का हो?"

"नाही. ब्रेक मी पाहिला नव्हता."

तिने ना शिव्या दिल्या, ना आशीर्वाद. पाकीट काखेत घट्ट धरून म्हणाली, "मग हे आत सांगा. आत लिहून घेतात."

तो आत गेला. दार पुरतं लागलं नाही. साहेबांनी बसा म्हणायच्या आधीच त्याने खोट्या सहीच्या तारखेपासून सुरुवात केली, आणि ती बाई दाराशी उभी राहून त्याचा शब्द न् शब्द ओठांत पुन्हा म्हणत राहिली, एकही गळू नये म्हणून.