लुकणातला अंगठा

काचेच्या धंद्यात एक गोष्ट कुणी कुणाला शिकवत नाही, ती पाहून पाहून येते. काच गाडीतून न्यायची असली की कुणीतरी तिच्याजवळ बसायचं आणि तिच्यावर हात ठेवायचा. धरायची नाही, दाबायची नाही. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा नुसता हात ठेवायचा. तडकण्याआधी काच थरथरते. डोळ्यांना ते दिसत नाही, तळहाताला कळतं.

काकूंनी सव्वीस वर्षं असा हात ठेवला होता. दुकान काकांचं. खिडक्यांची तावदानं, आरसे, कपाटांची दारं असा माल. काका पुढे बसून पिकअप चालवायचे आणि काकू मागे हौद्यात, डाव्या कोपऱ्यात, पोत्याच्या घडीवर, केबिनला पाठ टेकून बसायच्या. शेजारी लाकडी घोडीवर तिरप्या उभ्या काचा. इंजिनाचा आवाज असा की मागून हाक मारून उपयोग नसे, म्हणून केबिनच्या पत्र्यावर मुठीनं ठोकायचं. एक ठोका म्हणजे हळू. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे रस्त्याकडे बघा, दिसेल त्याला हात करत बसू नका.

संसारातलं निम्मं बोलणं त्या पत्र्यावरच झालं म्हणा ना. एकदा, लग्नाला वर्ष झालं असेल, काकूंनी चार ठोके दिले. चाराचा अर्थ ठरलेला नव्हता. काका गाडी बाजूला घेऊन धावत मागे आले.

"काय फुटलं?"

"फुटलं काही नाही. आपल्याकडे पाळणा हलणार आहे."

त्या पाळण्यातले चिरंजीव आता पंचवीस वर्षांचे होऊन घरात मत देऊ लागले होते.

त्या पिकअपला काका महामाया म्हणायचे. सुरू होईना म्हणून शिव्या, झाली की धुरासाठी शिव्या. ड्रायव्हरचं दार वर उचलून ओढल्याशिवाय उघडायचं नाही. शेवटी शाळेमागच्या उतारावर तिचा ब्रेक लागला नाही आणि ती एका घराच्या कुंपणात जाऊन टेकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण मागच्या चार आरशांचा चुरा झाला. त्याच आठवड्यात काकांनी तिला भंगारवाल्याच्या हवाली केलं. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून भाड्याचा टेम्पो आणायचा, त्याच्या ड्रायव्हरची मर्जी सांभाळायची, असं चाललं होतं.

"बाबा, नवीनच घेऊ," चिरंजीव म्हणाले. त्यांनी शोरूममधून गुळगुळीत पुस्तिका आणली होती आणि ती जेवताना ताटाशेजारी उघडी ठेवली होती. "हे बघा, मागे लोखंडी चौकट बसवून मिळते. रबराच्या खाचा. काच एकदा आत सरकवली की हलायचं नाव नाही."

"नवीन गाडी म्हणजे नवीन जावई," काका म्हणाले. "पहिली दोन वर्षं तिच्यावर ओरडायची सोय नाही. ओरखडा पडला की पोटात गोळा. कामाची गाडी कशी आधीच पोचे आलेली बरी. आपल्याला काही नवीन द्यायचं राहत नाही."

"आणि आईलाही मागे उन्हात बसावं लागणार नाही," चिरंजीव मायेनं म्हणाले. "आई, तू आता आरामात घरी बस."

काकूंचा घास हातातच राहिला. मुलाचा हेतू वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर दोन शब्द सुनावता आले असते. घरी बसून करायचं काय? भिंतीवरच्या घड्याळावर हात ठेवून बसायचं? बाजारपेठेतली, नदीपलीकडची, शाळेमागची घरं त्यांनी त्या हौद्यातून पाहिली होती. कुणाच्या खिडकीला कोणती काच आहे हे त्यांना घरमालकांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"जुनीच बघा," त्या पटकन म्हणाल्या. "उगाच कशाला नवीन."

आयुष्यात पहिल्यांदा बायकोनं आपली बाजू घेतली हे पाहून काकांना ठसका लागला.

चिरंजीव रुसले. जुन्या गाड्या पाहायला ते येणार नव्हते. म्हणून दोघंच गेले, बरोबर चार फुटी एक काच घेऊन. गाडी पारखायची काकूंची रीत हीच: हौद्यात बसायचं, काचेवर हात ठेवायचा, एक फेरी मारायची. तळहात काय सांगेल ते खरं.

जुन्या गाड्यांचा व्यापारी पैलवान या नावानं ओळखला जाई, कारण फुंकर मारली तर उडून जाईल अशी त्याची अंगकाठी. त्यानं चार गाड्या दाखवल्या. पहिलीत काच दातांसारखी वाजली. दुसरीत काकूंच्या हाताला मुंग्या आल्या. तिसरी सुरूच झाली नाही. चौथी निळी होती. चकचकीत निळी, पुढे स्टीलचा आडवा दांडा, वर नवी ताडपत्री.

"ही डॉक्टरांची," पैलवान आवाज खाली आणून म्हणाला. "फक्त रविवारी बाहेर काढायचे."

"डॉक्टर पिकअपमधून काय न्यायचे? पेशंट?" काकूंनी विचारलं.

"हौस असते एकेकाला, काकू."

"नंबरपाटी?"

"रंगवायला दिलीय. कागदही येतायत मागून."

काका ऐकत नव्हते. ते गाडीभोवती फिरत होते, मुलगी पाहायला आलेल्या माणसासारखे, बघूनही न बघितल्यासारखं करत. काकांना लांबचं लख्ख दिसे, जवळचं धूसर. जन्म काचेत गेला, पण दोन काचा नाकावर ठेवायला त्यांची तयारी नव्हती. त्यांनी दाराची कडी धरली, दार जरासं वर उचललं आणि ओढलं.

"बघितलंस? किती सहज उघडलं!"

काकूंनी मान वळवून पाहिलं. मग मागे चढल्या. काच उभी केली, डाव्या कोपऱ्यात बसल्या, पाठ टेकली. पाठीला पत्र्याचा खोलगट भाग नेमका जिथे हवा तिथे लागला. टाचही एका खळगीत जाऊन बसली. गाडी निघाली आणि काच थरथरू लागली, एक लांब, दोन आखूड, एक लांब. तळहातानं ती लय ओळखली. डोकं नाही म्हणत होतं.

त्यांनी डावा हात हौद्याच्या बाजूच्या फळीखाली घातला. तिथे एक बोल्ट होता, सतत खडखडणारा. वीसेक वर्षांपूर्वी त्याचा वैताग येऊन त्यांनी तावदान चौकटीत चिकटवायचं लुकण, मुठीतलं उरलेलं, त्याच्यावर थापून अंगठ्यानं दाबलं होतं. लुकण दगडासारखं वाळलं होतं. वर निळा रंग. मध्ये अंगठ्याचा खळगा, आणि खळग्यात आडवी रेघ. काकूंच्या अंगठ्यावर तशीच आडवी रेघ होती. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात काच लागली होती.

त्यांनी अंगठा खळग्यात ठेवला. म्यानात तलवार जावी तसा बसला.

फेरी संपवून काका खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता. "काय आवाज आहे! भारदस्त! नाहीतर आपली ती महामाया, दमेकरी. आणि हिचं स्टिअरिंग? जणू माझ्या हातांसाठीच केलेलं. काय म्हणतेस?"

काकू काच उतरवू लागल्या. सांगितलं, तर नवीन गाडी येणार, लोखंडी चौकट येणार आणि आपण घरात. नाही सांगितलं, तर आपलीच गाडी आपण पुन्हा विकत घेणार, पण हा कोपरा आपला राहणार.

"बरी आहे," त्या म्हणाल्या.

"उद्या इसार देतो," काका पैलवानाला म्हणाले.

त्या संध्याकाळी काकांनी निळ्या गाडीचं इतकं कौतुक केलं की चिरंजीवांनी पुस्तिका मिटून ट्रंकेत टाकली आणि ते मुकाट्यानं पाण्याचे तांबे भरू लागले. काकूंना घरात विजय झाल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"शाळेमागच्या उतारावरून हिला घालून बघतो," काका आनंदानं म्हणाले. "हिचे ब्रेक बघच तू. त्या महामायेला हिची सर येणार नाही."

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. उतार. कुंपण. त्या दिवशी चुऱ्यात बसून त्या हसल्या होत्या खऱ्या, पण केबिनवर दोन ठोके दिल्यावरही गाडी थांबली नव्हती, ते पुढचे दहा-वीस क्षण त्यांचा हात अजून विसरला नव्हता. वरून निळा रंग दिला म्हणून आतला ब्रेक काही लागायचा नाही. कोपरा प्यारा खरा, पण तो कोपरा ओढत नेणारा माणूस पुढे बसलेला असतो.

सकाळी इसार द्यायला गेल्यावर काकूंनी स्वतःचा चष्मा काढून काकांच्या नाकावर ठेवला.

"हे काय नाटक?"

"वाका. फळीखाली बघा."

काका वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"लुकण आहे."

"आणि?"

"अंगठा आहे." त्यांनी बायकोचा हात ओढून घेतला, अंगठा पाहिला, पुन्हा खाली पाहिलं. मग दारापाशी गेले, दार न उचलता ओढून पाहिलं. उघडेना. उचलून ओढलं. उघडलं. काका गाडीच्या पायरीवर बसले.

"म्हणजे डॉक्टर..."

"डॉक्टर म्हणजे तुम्ही. दर रविवारी काढायचात ना, शिव्या द्यायला?"

काका उठून पैलवानावर धावले. पैलवान दोन पावलं मागे सरकला, पण डगमगला नाही.

"मी घेतली भंगारवाल्याकडून. त्यानं सांगितली ती गोष्ट मी तुम्हाला सांगितली. तुमचीच गाडी तुम्हाला आवडली, यात माझा काय दोष? उलट तुमची आवड किती पक्की आहे ते बघा."

काकूंना हसू आवरेना. मग काकांनाही. पायरीवर बसून दोघं हसत राहिले आणि पैलवानानं सवयीनं त्यांना पाणी विचारलं. निघताना काकांनी महामायेच्या निळ्या बॉनेटवर एक चापट मारली. इतक्या वर्षांत शिवी न देता त्यांनी तिला हात लावला तो हा पहिलाच.

"तुला कालच कळलं होतं," वाटेत काका म्हणाले.

"हो."

"मग गप्प का?"

"मला घरी बसायचं नाही."

काका भराभर चालू लागले. मग घरी जाऊन त्यांनी स्वतः ट्रंक उघडली, पुस्तिका काढली आणि चष्मा नसल्यामुळे उलटी धरून चिरंजीवांना म्हणाले, "नवीनच घेऊ. पण तुझी आई सांगेल तशी."

शोरूममधल्या मुलीनं मान्यवरांना सांगावं तसं सगळं सांगितलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "केबिनची मागची काच उघडते का?"

"सरकती बसवून मिळते. पण मागे बघायला आरसा आहे ना, आजी."

"मला बघायचं नाहीये, बाळ."

नवीन गाडीची पहिली खेप म्हणजे एका नाचाच्या वर्गाचे आठ आरसे. चिरंजीवांनी ते लोखंडी चौकटीत सरकवले, रबराच्या खाचांत बसवले आणि हात झटकून म्हणाले, "बघ आई, हलतंय का काही?" ते दुकान सांभाळायला थांबले. काका चालवायला बसले. काकू शेजारी, मऊ सीटवर, जरा वाकड्या होऊन, कारण त्यांचा उजवा हात मागच्या सरकत्या खिडकीतून बाहेर गेला होता आणि पहिल्या आरशावर टेकला होता. पाठीमागून येणाऱ्या सायकलवाल्याला फक्त तो हात दिसला असेल.

गाडी इतकी शांत चालत होती की मागच्या सायकलची घंटासुद्धा ऐकू येत होती.

शाळेमागच्या उतारावर काकांनी कुणालातरी पाहून हात केला. काकूंनी तोंड उघडलं. आता शेजारीच तर होते, कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी डावी मूठ वळली आणि समोरच्या नव्याकोऱ्या डॅशबोर्डवर तीन ठोके दिले.

काकांनी गपकन हात खाली घेतला.

"ऐकू येतं मला," ते म्हणाले, आणि ब्रेकवर पाय ठेवला. गाडी लगेच हळू झाली.