डोळ्याच्या उंचीवर

हातोडा बसला तेव्हा आधी हाड मोडल्याचा आवाज आला, मग किंकाळी. दार जेमतेम वीतभर उघडलं होतं. फटीत आलेल्या हातावर तिने दुसरा घाव घातला, तिसरा उगारला, तेवढ्यात अर्धी दाढी तशीच टाकून नवरा धावत आला. त्याने हातोडा हिसकावून घेतला आणि दार सताड उघडलं.

बाहेर चर्चची माणसं. नव्या बिऱ्हाडासाठी पडदे, कुकर, लेकीसाठी बाहुली घेऊन आलेली. बेल बिघडलेली, म्हणून सगळ्यांनी मिळून हौसेने दार बडवलं होतं. गंमत म्हणे! आणि उंबऱ्यात मिस्त्रीकाका कोसळलेले, मनगट वाकडं, बाहीतून रक्ताची धार. आदल्याच दिवशी म्हाताऱ्याने या घरातली खाट ठोकून दिली होती. हातोडाही त्यांचाच, विसरून राहिलेला.

"मी मारलं," नवरा म्हणाला. हातोडा त्याच्याच हातात होता. कोणी शंका घेतली नाही.

ती नुसती दाराच्या कडीकडे बघत होती. गावाकडेही दार असंच बडवलं होतं. तिनेच कडी काढली होती, कोण आहे म्हणून न विचारता. आलेल्यांनी तिच्या भावाला केसांना धरून अंगणात फरफटत नेलं आणि कुऱ्हाडीने तोडलं. ती कडी अजून तिचा जीव खात होती.

पाळक पोलिसांत गेले नाहीत. पण अशा मारकुट्या माणसाला चर्चने दिलेल्या या घरात ठेवायचं का, ते तिथली समिती ठरवणार होती.

"मी खरं सांगून टाकते," ती रोज म्हणायची.

"गप्प बस. मला काढलं तर काढलं. तू नि पोर तरी छपराखाली राहाल."

चौथ्या दिवशी सकाळी जिन्याच्या तळातून हाक आली.

"मिस्त्री आलोय! एकटाच आहे हो!"

उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या खांद्यावर हत्यारांची पिशवी. आत येऊन त्यांनी ड्रिल नवऱ्याच्या हातात दिलं.

"दाराला भोक पाड. त्यात भिंग बसवू. आधी बघायचं, मग उघडायचं. पहिल्याच दिवशी बसवायचं ते, पण माझी अक्कल शेण खायला गेली होती."

नवऱ्याने दारावर स्वतःच्या डोळ्यासमोर खूण केली. म्हाताऱ्याने ती अंगठ्याने पुसली.

"फार वर झालं. घाव इतक्या वरून आला नव्हता." मग तिच्याकडे वळून, "ये पोरी. दाराला लागून उभी राहा."

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "काका, मी..."

"हलू नकोस. खूण चुकेल."

"समिती?" नवऱ्याने घाबरतच विचारलं.

"सांगून आलोय. दोष दाराचा. आणि दार बसवलं होतं मी."

भिंग बसलं तसे काका बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

"बघ गं, दिसतो का?"

तिने डोळा लावला. काका हसत उभे होते, चांगली तीन पावलं लांब. तिने कडीला हात घातला. कडी वाजली मात्र, काकांचं हसू विरलं आणि प्लास्टरचा हात झटकन पाठीमागे गेला.

ती थबकली. मग दार बोटभर उघडून तिने आधी आपले दोन्ही रिकामे हात बाहेर काढले.