डावी पापणी

"वरच पाहा, बाई. पापणी पाडायची नाही," डॉक्टर वर्षाली म्हणाल्या.

वच्छलाबाई छताकडे टक लावून बसल्या. मिनिटभरात डावी पापणी हळूहळू घसरत बुबुळावर आली.

"पाह्यलं का!" सून उज्वला उठून उभीच राहिली. "मी म्हणतच होती नं, आई नाटकं नाई करत!"

नाटक हा शब्द घरात वर्षभर फिरत होता. अल्लीपूरच्या वच्छलाबाई सकाळी वांग्यांचं पोतं एकट्या उचलत, बाजारात खणखणीत हाका मारत. तिन्हीसांजेला मात्र घास चावता चावता जबडा थकायचा, आवाज नाकातून यायचा. नवरा चंद्रभान म्हणायचे, "सकाळी तर धावत राह्यते, सांजच्याले काऊन गळते?" सलाइन लावून झाली, ताकदीची इंजेक्शनं झाली. थायरॉइड, पोटॅशियम, सगळे रिपोर्ट चांगले आले, तसा वच्छलाबाईंना स्वतःचाच संशय येऊ लागला होता.

डॉक्टरांनी हातमोज्यात बर्फ भरून मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. काढला, तर पापणी वर!

"मायस्थेनिया दिसतोय," त्या म्हणाल्या. "नस सांगते, पण स्नायूपर्यंत ते नीट पोचत नाही. वापरला की थकतो, विसावला की पुन्हा चालतो. रक्त तपासू, छातीचा स्कॅन करू. गोळ्या बरेच दिवस घ्याव्या लागतील. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र तडक यायचं."

"म्हंजे मले खरंच बिमारी हाये?"

"खरीच."

वच्छलाबाई इतक्या मोकळ्या हसल्या, की बाहेर बाकावर बसलेल्या चंद्रभानांनी दार लोटून पाहिलं. डॉक्टरांनी त्यांनाही बसवून सगळं पुन्हा सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. परतीच्या एसटीत एवढंच म्हणाले, "माह्यं चुकलंच."

"गाडीभर लोकाईले आयकू येईन असं म्हणा नं," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि उज्वलाला हसू आवरेना.

रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. गोळ्या लागू पडल्या, पण पहिल्यासारखा सबंध दिवस काही रेटवेना.

दोन महिन्यांनी, आठवडी बाजारात, ऐन दुपारी वांग्यांच्या ढिगामागे चंद्रभान बसले होते. हाक मारायची लाज वाटत होती, म्हणून नुसतेच तराजू धरून. नेहमीच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "वच्छलाबाई नाई आल्या आज?"

"आली नं. जरासं हळू बोला."

त्यांनी मागे बोट दाखवलं. ताडपत्रीच्या सावलीत, रिकाम्या पोत्यांवर, वच्छलाबाई भर बाजारात बिनघोर घोरत होत्या.