होटगीच्या गच्चीवरचा ग्रह

आमच्या होटगीत, माझ्या घराच्या गच्चीवर, एक ग्रह सापडला. रोज सकाळी आठ दहाला उगवायचा, आठ चौदाला मावळायचा. रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये जन्म गेला माझा, पण इतकी वेळ पाळणारी गाडी मी बघितली नाही.

हसा. माझं, या गुरुशांतचं, गावात कुणी खरं धरत नाही, ठाऊक आहे मला. उन्हानं रूळ इतके लांबले की उभी मालगाडी पुढच्या तिलाटी स्टेशनाला जाऊन पोचली, असं मी एकदा स्टेशनवर सांगितलं होतं. ते खोटं होतं. हे खरं आहे.

सुरुवात बायकोच्या पायापासून झाली. नागव्वाला बारा वर्षांपासून साखरेचा आजार. उजव्या पायाच्या करंगळीला जखम झाली ती भरेचना. डॉक्टर म्हणाले, महिनाभरात साखर खाली आली नाही तर बोट काढावं लागेल.

आता साखर खाली न यायला काही कारणच नव्हतं. दिवाळीनंतर विद्यापीठातून उत्कर्षा नावाची पोरगी आली होती. जुनाट आजारापायी घराचा किती खर्च होतो, आणि उन्हावर चालणारा छोटा फ्रिज दिला तर इन्सुलिन नासायचं थांबून तो खर्च कमी होतो का, हे तिचं संशोधन. गल्लीत एकच घर, तेही चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठी आमची निघाली. गच्चीवर सोलरची प्लेट बसली, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याएवढा फ्रिज आला आणि वर्षभराचं इन्सुलिन फुकट. फक्त रिकाम्या बाटल्या परत द्यायच्या. बाटल्या ठरल्या तारखेला रिकाम्या होत होत्या, आणि साखर वर चढत होती.

पहिला संशय मला प्लेटचा आला. ऊन आत ओढते, ठीक आहे, पण खाली घरात काय सोडते कुणी बघितलंय? मग औषधाचा आला. फुकटचं औषध, पाणी भरून देत असतील. बाटली हुंगून बघितली, वास तर औषधाचाच. मग उत्कर्षाचाच आला. इतकं काय लिहून घेते ही?

तिला माझा संशय होताच.

"आजोबा, खरं सांगा. फ्रिजचा प्लग काढून मोबाईल लावता ना?"

"शिवा शिवा! मी?"

"त्यांचं काय बी खरं मानू नका बाई," नागव्वा आतून म्हणाली. घरातूनच असं!

उत्कर्षानं लॅपटॉप उघडला. प्लेटवर किती ऊन पडतं, याची नोंद दर दहा सेकंदांनी होत होती. फ्रिज एकदाही बंद पडला नव्हता. पण उन्हाच्या रेघेत रोज सकाळी आठ दहाला एक खाच होती. नीट बघितलं तर एकीला लागून दुसरी, जरा लहान.

पोरीनं दोन्ही खाचांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी एम.एस्सी.ला दूरचे ग्रह शिकले, आजोबा. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड कणभर कमी होतो. ठरावीक वेळानं पुन्हापुन्हा कमी झाला, की समजायचं, कुणीतरी फेऱ्या घालतंय."

कुणीतरी! माझ्या गच्चीवर! आठ दहाला मी स्टेशनवर चहा पीत असतो, हे गावाला माहीत आहे. तुम्हीच सांगा, म्हाताऱ्यानं काय समजायचं?

"हे तीन दिवस खाच नाही," ती म्हणाली. "संक्रांतीचे."

"तवा आमी सोलापुरात होतो, गड्ड्याच्या जत्रेला."

"आम्ही म्हणजे?"

"मी, ही आणि शेजारची दानम्मा."

बोललो आणि ध्यानात आलं. म्हणजे ग्रहही आमच्याबरोबर जत्रेला आला होता.

दुसऱ्या दिवशी चहाला निघाल्यासारखं केलं आणि मागच्या शिडीनं गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीआड बसलो. आठ दहाला नागव्वा लंगडत वर आली. पदराखाली वाटी. प्लेटच्या कडेला, दानम्माच्या गच्चीला लागून कठडा आहे, तिथं उभी राहिली. प्लेटवर सावली पडली. पलीकडून दानम्मा वाकली, दुसरी सावली पडली. वाटीतून एक भरलेली सुई दानम्मानं उचलली आणि वाटीत गूळ घातलेली अख्खी शेंगापोळी ठेवली.

मी टाकीआडून बाहेर आलो.

"अय्यो, अण्णा बंदरू! अण्णा आले की!" दानम्मा खालीच बसली.

"किती दिवस चाललंय हे?"

"वरडू नका," नागव्वा म्हणाली. "तिला बी साखर हाय. इकत आणायला झेपंना, म्हून दोन महिनं सुईच बंद होती तिची. माजाच डोस दोन सुयांत भरते, निम्मा निम्मा."

"आणि तुजं बोट?"

"चिठ्ठी आपली निगाली, तिची न्हाय. त्यात तिचा काय गुन्हा?"

"बरं. पण ही पोळी? ही कोन खातं?"

"मी. म्हंजे काय, तिनं वाटी रिकामी परत द्यायची व्हय? काय बी बोलता!"

निम्मं औषध जात होतं आणि बदल्यात गूळ येत होता! कपाळावर हात मारून घेतला मी.

"बाईला सांगू नका," नागव्वाचा आवाज उतरला. "दोगींचं बी बंद करतील."

न सांगावं तर बोट जाणार. मी उत्कर्षाला फोन केला. ती म्हणाली, "आजोबा, गोष्ट छान आहे. आता खरं सांगा." जन्मभर थापा मारल्याचं असं फळ! शेवटी म्हणालो, "उद्या आठ दहाला लॅपटॉपसमोर बस. गाडीला लाल झेंडी दाखवतात तशी मी प्लेटसमोर अर्धा अर्धा मिनिट टोपी धरीन. पाच वेळा. मग तर मानशील?"

पाच खाचा मोजून पोरगी दुपारच्या आत होटगीत हजर. चिडेल वाटलं होतं. ती नागव्वाच्या पायाशी बसून जखम बघत राहिली.

"मी जे खरं तेच लिहिणार," ती म्हणाली. "एका घराला दिलेलं औषध दोन घरांत गेलं, हे मला कळायलाच हवं होतं. विद्यापीठातल्या सरांची बोलणी मी खाईन. पण आजी, उद्यापासून पूर्ण डोस. बोट तुमचं जाणार आहे, माझं नाही."

"आदी हिचं काय ते सांगा."

तेही तिनं केलं. दानम्माला स्कूटीवर मागं बसवून सरकारी दवाखान्यात नेलं, केसपेपर काढला, तिथलं फुकट औषध सुरू करून दिलं. आता आमच्या फ्रिजमध्ये दोन बाटल्या असतात. दानम्माच्या बाटलीला लाल दोरा. वाटी अजून फिरते, पण पोळीऐवजी काकडी येते. महिना झाला. साखर उतरली, जखम सुकत आली. डॉक्टर म्हणाले, बोट राहू दे.

काल उत्कर्षाचा फोन आला.

"आजोबा, आठ पंचवीसला आता तिसरी खाच दिसतेय. कोण आहे?"

दानम्मा शेंगापोळ्या अजून करते. कठड्यावर फडक्याखाली माझ्यासाठी एक झाकून ठेवते. मला कुठं साखर आहे?

"धूमकेतू असंल," मी कठड्याशी उभा राहून घास गिळत म्हणालो.

"धूमकेतू रोज येत नसतात, आजोबा."

इतक्यात जिन्यावर नागव्वाचं पाऊल वाजलं. आता ती लंगडत नाही, त्यामुळे आधी कळत नाही.