कांदा लागलेले झटके

झटका आला की नाकाला कांदा धरायचा, हे आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांना डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक असतं. न्यूरोच्या ओपीडीत मी अकरा वर्षं सिस्टर आहे आणि अकरा वर्षं सांगते आहे, कांदा भाजीत घाला. झटका आपोआप थांबतो आणि नाव कांद्याचं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

सत्यभामा नवऱ्याला, इंद्रजीतला, कन्नड गावाहून घेऊन यायची. त्याचं तिथं टायरचं दुकान. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूतली गाठ काढली, पण बोलण्याच्या जागेला चिकटलेला तुकडा ठेवावा लागला. झटके काही सुटले नाहीत. दोन गोळ्यांनी भागेना म्हणून तिसरी दिली. तिनं झटके कमी केले आणि माणूस भडक डोक्याचा केला. काही जणांना ती तशीच लागते. एकदा त्यानं जेवणाचं ताट भिरकावलं, ते दहा वर्षांच्या श्रेयाच्या कपाळाला चाटून गेलं. तेव्हापासून पोरगी इथं शहरात, गारखेड्यात मावशीकडे होती.

सहा महिने झटका आला नाही तर तिसरी गोळी हळूहळू बंद करू, असं डॉक्टर म्हणाले होते. झटके लिहायला मीच सत्यभामाला वही दिली होती. त्या दिवशी ती नवी साडी नेसून आली. वहीतले सहाही महिने कोरे होते.

"शनिवारी पोरीला घरी न्यायचंय, सिस्टर," ती म्हणाली.

डॉक्टर वही चाळत होते. इंद्रजीत त्यांना दुकानाचं सांगत होता. "ट्रॅक्टरचे टायर आता..." म्हणाला आणि थांबला. नजर भिंतीला लागली, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलू लागले, बोटं शर्टाची गुंडी चाचपू लागली. सत्यभामानं त्याच्या हातातला मोबाइल अलगद काढून घेतला आणि माझ्याशी पोरीच्या मावशीकडच्या शाळेचं बोलणं पुढं चालू ठेवलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे असं किती वेळा होतं?"

"हे व्हय? रोजचंच. चार-पाच येळा. तंद्री लागती त्यांना."

"मग वहीत का नाही?"

"त्याला कांदा कुठं लागतोय, साहेब? पडत नायत, फेस येत नाय. कांदा लागला की लिहिते मी."

मला तिचा राग आला. मग स्वतःचा आला. वही देताना झटका कशाकशाला म्हणायचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

हेही झटकेच, डॉक्टरांनी समजावलं. गोळी बंद करता येणार नाही. बदलून बघू, पण जम बसायला काही महिने जातील. एमआरआय पुन्हा करावा लागेल. गाठ वाढली असेल तर ऑपरेशनचा विचार.

"म्हंजी पोर नाय यायची," सत्यभामा म्हणाली.

इंद्रजीत आता भानावर आला होता. याच माणसानं मागच्या खेपेला माझ्यावर फाइल फेकली होती. आज आवाज खाली होता.

"मी दुकानात झोपत जाईन. डबा तिथंच धाड. तिला येऊ दे घरी."

सत्यभामानं आशेनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. झोपेत मोठा झटका आला तर जवळ माणूस हवंच, यांना एकटं झोपू द्यायचं नाही.

"मग मी झोपते यांच्यासंगं दुकानात," ती घाईनं म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं. "पण मग पोर घरी येऊन कुणापाशी ऱ्हाईल?"