फट नसलेली पेटी

या घरातल्या थोरल्या मुलीचे लग्न होऊन ती सासरी गेली, त्या वर्षी मी या घरात आलो. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि खरे सांगायचे तर आलो तेव्हाही जुनाच होतो. माझा मेंदू कुठल्याशा ऑफिसातल्या मोडीत काढलेल्या यंत्राचा, पंखा दुसऱ्याचा, आणि खेळातली चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्ड तिसऱ्याच कुणीतरी वापरून टाकलेले. दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईने हे सगळे एका पत्र्याच्या खोक्यात बसवले, स्क्रू आवळले आणि म्हणाली, "गेम खेळण्यापुरता होईल. फार अपेक्षा नका ठेवू."

घेणारा माणूस सुतार होता. त्याने माझ्या कोपऱ्यांवरून बोट फिरवून काटकोन तपासला आणि म्हणाला, "अपेक्षा कसली? पोरगं घरात बसलं म्हणजे झालं."

घरात आता बाप आणि मुलगा अशी दोनच माणसे उरली होती. सुताराची बायको मागेच वारली होती. जोवर लेक होती तोवर ती दोघांच्या वाटचे बोलायची. ती गेली आणि जेवताना नुसता ताटांचा आवाज होऊ लागला. तिच्याच रिकाम्या खोलीत मला ठेवले.

मुलाने माझ्यात ट्रक चालवायचा खेळ घातला. एका संध्याकाळी सुतार जेवायला बोलवायला आला आणि दारातच थांबला. पडद्यावर ओंडक्यांनी भरलेला ट्रक घाट चढत होता.

"कुठलं लाकूड आहे हे?"

"लाकूड आहे, बाबा. गेममधलं."

"ते कळलं. साग नाही हा. आणि बांधलंय कसं बघ. पहिल्या वळणाला रस्त्यावर येईल."

मुलगा हसला. त्या घरात मी ऐकलेले ते पहिले हसू. दुसऱ्या दिवशी सुतार स्वतःचे स्टूल घेऊन आला आणि मुलाच्या खुर्चीशेजारी बसला. मग तो रिवाजच पडला. हातपाय धुऊन सुतार यायचा आणि म्हणायचा, "काय मालक, आज कुठे जायचं?"

"डोंगरापलीकडे. क्लिनर तयार आहे का?"

"क्लिनरने तोंडसुद्धा धुतलंय."

मग ट्रक निघायचा. सुताराला गाडी चालवता येत नव्हती, ना खरी ना खोटी. तो फक्त रस्ता बघायचा आणि सांगायचा, डावीकडून सायकल येतेय, पूल अरुंद आहे, जरा दमाने घे. रस्त्याच्या निमित्ताने इतरही बोलणे निघायचे. आईचे निघायचे, शाळेचे निघायचे. मित्रांनो, मी स्वस्तातले यंत्र होतो, पण दोन माणसांना शेजारी बसवण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी इमानाने करत होतो.

सुताराचा कारखाना म्हणजे घराचीच पुढची पडवी. तिथे करवत फिरली की बारीक भुसा सगळ्या घरात तरंगायचा. तो भाकरीवर बसायचा, अंथरुणावर बसायचा आणि माझ्या पंख्यातही शिरायचा. काही महिन्यांत मी मधूनच बंद पडू लागलो. दुकानातल्या बाईने मला उघडले तेव्हा आतून ओंजळभर भुसा निघाला.

"काका, हा संगणक आहे की करवतीखालची टोपली? याला धुळीपासून जपा. एवढं केलंत तर खूप वर्षं चालेल."

"जपतो," सुतार म्हणाला.

आणि त्याने जपले. हातातली गिऱ्हाइकाची कामे बाजूला ठेवून त्याने माझ्यासाठी पेटी केली. जाड लाकूड, सांध्यात खिळा नाही, दार असे बसवले की मिटल्यावर त्यात नखही जाऊ नये. वायरींसाठी मागे वायरींपुरतेच भोक, आणि त्याच्या कडांना जाड कापड चिकटवलेले. मला सुरू करायला दार उघडावे लागू नये म्हणून दारात एक लाकडी खुंटी बसवली. बाहेरून खुंटी दाबली की ती आत माझे बटण दाबायची. शेजारीपाजारी पेटी बघायला आले. एकजण म्हणाला, "दागिन्यांना कुणी अशी पेटी करत नाही." मलाही तेव्हा अभिमान वाटला. आपल्यासाठी कुणी इतके झिजले की वाटतोच.

पण मित्रांनो, संगणकाला वारा लागतो. काम करताना आम्ही तापतो. पंखा आतली गरम हवा बाहेर टाकतो आणि बाहेरची गार हवा आत घेतो. त्या पेटीत बाहेरच नव्हते. पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत राहायचा. फार तापलो की जळू नये म्हणून माझा मेंदू आपला वेग आपणच कमी करतो. मग पडद्यावरचे चित्र थांबते, उडी मारते, पुन्हा थांबते. ट्रक वळणाच्या अलीकडे दिसायचा आणि पुढच्या क्षणी थेट खड्ड्यात.

"काय झालं?" सुतार विचारायचा.

"अडकतंय. खेळण्यात मजाच नाही राहिली."

मुलगा कोपऱ्यावरच्या गेमच्या दुकानात जाऊ लागला. तिथली यंत्रे अडकत नव्हती. सुतार ताटे वाढून बसायचा आणि मग एकटाच जेवायचा. काही दिवसांनी त्याने मला कापडात गुंडाळले आणि दुकानात नेले. बाईने माझी मेमरी वाढवली आणि आपल्या टेबलावर, पंख्याखाली, तोच ट्रक चालवून दाखवला. "बघा, पाण्यासारखा चालतोय."

घरी आणून सुताराने मला पेटीत ठेवले, दार लावले. थोडा वेळ मी पाण्यासारखा चाललो. सुताराने स्टूल ओढले. मुलाने घाटही गाठला. मग आतली हवा तापली आणि ट्रक पुन्हा खड्ड्यात.

मग जुनी डिस्क काढून नवी वेगवान डिस्क बसवली. दुकानात छान, घरी तेच. मग मोठे ग्राफिक्स कार्ड आले. ते आधीच्यापेक्षा ताकदवान, आणि तापायचेही तितकेच जास्त. मला जितके सुधारत होते तितका मी आत उकळत होतो. बाईने कधी विचारले नाही की मला ठेवता कुठे. सुताराने कधी सांगितले नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काय आहे असे त्याला वाटले. घरी आणल्यावर चालत नाही म्हणजे अजून कुठूनतरी भुसा जातोय, अशी त्याची समजूत झाली. त्याने मागच्या भोकाला कापडाचा आणखी एक थर दिला.

या सगळ्याचे पैसे जमवताना रंधा मारायचे विजेचे यंत्र घ्यायचे राहून गेले. तो हातानेच रंधा ओढत राहिला. खोकायचा. माझ्या पेटीला फट नव्हती, पण त्याच्या नाकावर साधे फडके नव्हते.

नवे कार्डही अडकले त्या संध्याकाळी मुलाने माउस आपटला. "तुम्ही आधीच भंगार आणलंत, बाबा. त्याला ठिगळं लावून काय होणार? तुमचं सगळं असंच, जोडजोडीचं."

ज्याच्या सांध्यात उभ्या आयुष्यात कुणाला खोट सापडली नव्हती, त्या माणसाला हे शब्द ऐकावे लागले. तो इतकेच म्हणाला, "बाईंना परत दाखवू या."

"राहू दे. मला नाही खेळायचं."

स्टूल पडवीत परत गेले. त्यावर रंगाचे डबे राहू लागले. मुलगा शिकला, मोठा झाला, त्याला दूरच्या शहरात नोकरी लागली. माझ्यावर कधीतरी तो अर्ज भरायचा, सिनेमे बघायचा. सिनेमा सुरू ठेवून तो झोपून जायचा आणि मी रात्रभर तापत राहायचो.

मुलगा नोकरीवर जायच्या आठवड्यात त्याची ताई, सासरी गेलेली ती थोरली लेक, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच माहेरी आली. दिवस ओलसर होते, बाळाची दुपटी वाळत नव्हती. तिने ती माझ्या पेटीवर पसरली.

"अगं, त्यावर काय टाकतेस?" भाऊ म्हणाला.

"ही पेटी म्हणजे चूल आहे रे. हात लावून बघ. सकाळी टाकलेलं दुपटं कधीच वाळलं. बाबांनी बाळासाठीच केलीय जणू."

मुलाने हात लावला. हसता हसता त्याचे हसू थांबले. त्याने दार उघडले. मला त्या घरात कित्येक वर्षांनी असा वारा लागला की पंख्याचा आवाजच बदलला. त्याने ट्रकचा खेळ सुरू केला. घाट आला, पूल आला, सगळी वळणे आली. ट्रक कुठेही अडकला नाही.

सुतार दारात येऊन उभा होता.

"तुम्ही कोंडलंत त्याला," मुलगा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होते. "इतकी वर्षं. त्याला काही झालंच नव्हतं. तुमची पेटीच नडली."

"बाई म्हणाल्या होत्या धुळीपासून जपा," सुतार म्हणाला. "मी जपलं."

"अरे, गप्प बस," ताई भावाला म्हणाली. "बाबा, तुम्ही बसा ना. बघा कसा चाललाय."

सुताराने स्टुलासाठी इकडेतिकडे बघितले. स्टूल तिथे नव्हते. "आता काम आहे," तो म्हणाला. "संध्याकाळी बसू."

"उद्या बसू," मुलगा म्हणाला. "आज सामान बांधायचंय."

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी सकाळीच निघाली.

मुलगा गेल्यावर सुताराने पेटी सोडवायला घेतली. सांधे असे बसले होते की त्याचे त्यालाच सुटेनात. त्या लाकडाचा त्याने नातवासाठी पांगुळगाडा केला. उरलेल्या फळीवर मला उघड्यावर ठेवले. रंगाचे डबे काढून स्टूल आत आणले आणि रिकाम्या खुर्चीशेजारी मांडले. संध्याकाळी हातपाय धुऊन तो यायचा, माझे बटण आता बोटाने दाबायचा, ताईने दाखवले होते तसा खेळ उघडायचा. ट्रक रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून उभा राहायचा. खुर्चीवर तो कधी बसला नाही. स्टुलावर बसून समोरचा रस्ता बघायचा, खोकायचा, मग बंद करायचा. पडवीतला भुसा पुन्हा माझ्या पंख्यात येऊ लागला होता. रविवारी तो ओल्या फडक्याने माझा पत्रा पुसायचा.

मुलाचा फोन यायचा. "बाबा, कसा चालतोय?"

"झकास. कुठे अडकत नाही."

"मी आलो की खेळू."

"ये की. क्लिनर इथंच आहे."

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला जे सांगायचे होते ते मी ट्रक खड्ड्यात घालून घालून सांगितले, कुणाला कळले नाही. तुम्हाला तोंड आहे. ज्याला जपता त्याला हात लावून बघत जा, तो तापलाय का, त्याला वारा मिळतोय का. आणि जो जपतो, त्याच्या नाकातोंडात काय जाते आहे, तेही एकदा विचारा. मला चार वेळा दुकानात नेले. त्या माणसाला कुणी एकदाही डॉक्टरकडे नेले नाही.

सुतार वारला. नातू पांगुळगाडा सोडून चालायला लागला त्या हिवाळ्यात, एका सोमवारी सकाळी, छातीत भुसा साचून. ट्रक आदल्या संध्याकाळपासून रस्त्याच्या कडेला उभा होता.