बावीस इंच

"बाबा, बसा ना आता एका जागी! सारे पाहून राह्यले," राजदीप दबक्या आवाजात म्हणाला.

देवाजी बसला आणि लगेच उठला. चंद्रपूरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळपासून त्याने इतक्या येरझारा घातल्या होत्या की झाडूवाल्या बाईनेसुद्धा त्याच्याभोवतीची फरशी पुसायचा नाद सोडला होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डावा डोळा पंचवीस वर्षांपूर्वीच गेला होता, कानशीतून उडालेल्या लोखंडाच्या कणीने. म्हणजे काय ते भांडवल हा एकच डोळा, आणि त्यात कोणती लेन्स बसवायची ते आज दुपारपर्यंत सांगायचं होतं.

काउंटरवरच्या मुलीने दोन रंगीत कार्डं दाखवली होती. साधी लेन्स घेतली तर लांबचं स्वच्छ दिसणार, जवळच्यासाठी चष्मा. परदेशी, भारीतली घेतली तर लांबचंही दिसणार, जवळचंही, आणि चष्म्याला कायमची सुट्टी. राजदीप ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला होता, क्वार्टर होतं, हात सढळ होता. त्याने ऐकल्या ऐकल्या भारीतल्या कार्डावर बोट ठेवलं.

"बिनाचष्म्यानं पेपर वाचान, टीव्ही पाहान, नातीसंग कॅरम खेळान," तो आता पुन्हा सांगू लागला. "आलापल्लीले वापस काऊन जाता? झालं ना आता काम करून."

पोराने रंगवलेल्या या सुखी म्हातारपणात आरा मात्र कुठेच नव्हता, आणि देवाजीच्या पायाला भिंगरी लागली होती ती त्यामुळेच. आलापल्लीला भैयाजींच्या आरागिरणीत तो पस्तीस वर्षं पात्यांना धार लावत आला होता. सागाचा ओंडका फाडणारं ते लांबलचक पातं. त्याचा एकेक दात कानशीने घासायचा, मग एक डावीकडे किंचित वाकवायचा, पुढचा उजवीकडे. किंचित म्हणजे किती, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं, ते मिस्त्रीच्या नजरेत असतं.

गेल्या महिन्यात ती नजर चुकली. शेजारशेजारचे चार-पाच दात एकाच बाजूला वाकले, पातं ओंडक्यात भरकटलं आणि अस्सल सागाची फळी चिरफाळली. भैयाजींनी चार शिव्या हासडल्या असत्या तर देवाजीला बरं वाटलं असतं. ते नुसतंच म्हणाले, "होते असं, मिस्त्री. वय झालं तुमचं." आणि दुसऱ्या दिवशी पातं धार लावायला नागपूरला रवाना केलं. देवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

नाव पुकारलं. दोघे आत गेले.

"काय काका, ठरलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"भारीतलीच टाका, सर," राजदीप म्हणाला.

"डॉक्टरसाहेब," देवाजी मध्येच बोलला, "दूरचं दिसन, जवळचं दिसन. अन् मंधातलं?"

"मधलं म्हणजे?"

"आऱ्याचा दात."

डॉक्टरांना उलगडा होईना, तेव्हा देवाजी उठला. टेबलावरची स्टीलची पट्टी त्याने टेबलाच्या कडेला आडवी दाबून धरली, पेनाची कानस केली, एक पाय मागे घेतला आणि कमरेत थोडा झुकला. सकाळपासून पहिल्यांदाच तो स्थिर उभा राहिला. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून टेप काढला आणि डोळ्यापासून पट्टीपर्यंत माप घेतलं.

"बावीस इंच," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. "मग भारीतली लेन्स तुमच्या कामाची नाही. या अंतरावर ती अंधूकच दाखवेल. साधीच टाकू, लांबचं स्वच्छ ठेवू, आणि आऱ्यासाठी चष्मा करून देतो."

"चष्मा तिथी टिकत नाई, साहेब. भुसा बसते, घामानं घसरते. करून पाह्यलं मी."

"मग साधीच लेन्स बरोब्बर या अंतराची बसवता येईल. पण लांबचं पुसट होईल, काका. रस्त्यापलीकडचा माणूस चष्म्याशिवाय ओळखता येणार नाही. बारीक अक्षरालाही चष्मा लागेल. नीट विचार करा, एकच डोळा आहे."

"तेच बसवा," देवाजी म्हणाला.

राजदीपचा चेहरा उतरला. "म्हंजे दुरून आमचं तोंड पाहाले चष्मा लावान, अन् लोखंडाले उघड्या डोळ्यानं पाहान?"

देवाजीला ते लागलं. पोराचं काही चुकत नव्हतं, हेही त्याला कळत होतं.

"नात तं मांडीवर येऊन बसते, बापा," तो हळूच म्हणाला. "आरा येत नाई."

"तुमची मर्जी," राजदीप म्हणाला. त्यानंतर औषधाच्या वेळा सांगण्यापलीकडे तो बोलला नाही. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, डोळ्यात थेंब घालायचं काम मात्र त्याने दर वेळी स्वतः केलं, कुणाला हात लावू दिला नाही.

बाराव्या दिवशी तो बापाला बसस्टँडवर घेऊन आला. लांबचा चष्मा महिन्याने मिळणार होता. राजदीपने खिडकीची जागा धरून दिली, पिशवी पायाशी ठेवली, "थेंब टाकाले भुलू नका," एवढं म्हणाला आणि खाली उतरला.

देवाजीच्या समोरच्या सीटच्या पत्र्यावर कुणीतरी खिळ्याने नाव कोरलं होतं. त्यातला एकेक ओरखडा त्याला दिसत होता, पत्र्याला चढलेला गंज दिसत होता, डोकं खचलेला स्क्रू दिसत होता. त्याचा जीव हरखून गेला. मग तो खिडकीकडे वळला. शेडखाली पाच-सहा पांढरे शर्ट उभे होते. चेहरे नव्हते.

गाडी सुरू झाली. त्यातल्या एकाने हात वर केला, किंवा नुसतं डोकं खाजवलं. राजदीप त्यात होता की केव्हाच मोटरसायकलला किक मारून निघून गेला होता, हे समजायला काही मार्ग नव्हता. देवाजीने खिडकीबाहेर हात काढून हलवला.

"कोन होय, भाऊ?" शेजारच्या माणसाने विचारलं.

"माहा पोरगा," देवाजी म्हणाला, आणि गाडी वळेपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.